बेड फुकट घासून दिला

माझ्या मुलीच्या चुलतसासऱ्यानं मला फसवलं. लातुरात, त्याच्या स्वतःच्या दुकानात, भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत फसवलं. वाकलेल्या बीमची मशीन सरळ म्हणून माझ्या गळ्यात मारली. सौद्यात मध्यस्थ म्हणून माझे व्याही बसले होते, म्हणजे मुलीचे सासरे. विकणारा त्यांचा चुलतभाऊ. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको की दोष लाकडाचा होता, किंवा हवेचा, किंवा माझ्या हाताचा.

नावं लिहिणार नाही. मुलगी त्या घरात नांदते आहे.

मी मूळचा उमरी तालुक्यातला. नांदेडला आलो तेव्हा हातात ब्रश होता आणि अक्षर चांगलं होतं, बाकी काही नव्हतं. ट्रकच्या मागच्या फळ्या रंगवल्या, दुकानांच्या पाट्या रंगवल्या, निवडणुकीत भिंती रंगवल्या. फ्लेक्स आला आणि ब्रश बसला. मग रेडियम कापलं, मग ॲक्रेलिकची अक्षरं करायला लागलो. विष्णुपुरीच्या रस्त्याला दुकान आहे ते माझं स्वतःचं आहे, कुणाच्या मेहरबानीचं नाही. ते असं उभं राहिलं कारण मी आयुष्यात सांगितलेल्या भावाला कुठलीही वस्तू घेतली नाही. बायको म्हणते, हा माणूस दवाखान्यात झोपलेला असला तरी डॉक्टरला कमी करा म्हणेल. एकदा म्हटलंही आहे, आणि डॉक्टरनं केलं.

तर मला सीएनसी राऊटर घ्यायचा होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक टेबल असतं, त्याला बेड म्हणतात. त्याच्यावर एक आडवा बीम पुढं-मागं सरकतो. बीमवरून एक मोटर डावी-उजवीकडं फिरते आणि खाली-वर होते. मोटरच्या तोंडाला कातणारा बिट. कॉम्प्युटरमध्ये काढलेलं चित्र ती लाकडावर, ॲक्रेलिकवर कोरून देते. कारखान्यातल्या मोठ्या मशिनी वेगळ्या. मला हवी होती ती लहान, हौशी लोकांसाठी निघालेली, दुकानाच्या कोपऱ्यात मावणारी.

व्याह्यांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "बाहेर कशाला हिंडता? आमच्या भावाकडं हाय की. त्याला आता मोठी घ्यायचीय. घरातली वस्तू घरात राहील."

मला तेव्हाच उठून जायला पाहिजे होतं. नातेवाइकाशी सौदा म्हणजे एक हात बांधून कुस्ती. पण व्याह्यांचा शब्द मोडवेना.

लातूरला गेलो. मशीन नीट पाहिली. बेअरिंग हातानं फिरवून पाहिले, स्क्रूला तेल आहे का पाहिलं, मोटर चालवून आवाज ऐकला. आमच्याकडं बैल घेताना दात बघतात, चालवून बघतात, तसं सगळं केलं. बीमच्या मधोमध गणपतीचं स्टिकर होतं, त्याच्यावर खांडेनवमीच्या हळदीकुंकवाची बोटं. मीही हात जोडले.

मग बसलो. तो सांगत होता, मी तोडत होतो, व्याही दोघांच्या मधे सतरंजीवर मांडी घालून. दोनदा मी चप्पल घातली. दोनदा व्याह्यांनी हाताला धरून बसवलं. शेवटी आकडा ठरला तेव्हा तो कपाळाला हात लावून बसला होता आणि मला आतून गुदगुल्या होत होत्या.

आता आमच्या भागात सौदा इथं संपत नाही. आकडा ठरला की घेणारा वर काहीतरी मागतो. बैल घेतला तर वर दावं मागायचं, घुंगरं मागायची. भांडी घेतली तर वर एखादा डाव. वस्तू बारीक असते, पण ती घेतल्याशिवाय आपण जिंकून उठलो असं वाटत नाही. मी म्हणालो, "ते झालं. आता वर काय देता?"

"पाव्हणे, आता काय, अंगावरचा सदरा देऊ?"

"सदरा नको. माझ्या मापाचा न्हाई."

व्याही हसले. म्हणाले, "दे ना रे काहीतरी. मुलीचा बाप हाय."

त्यानं जरा विचार केला. म्हणजे विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाला, "बेड लई खराब झालाय. ठिगळं पडलीत. नवा एमडीएफ टाकतो अन् तुमच्यासमोर घासून देतो. एकदम लेव्हल. फुकट."

एमडीएफ म्हणजे दाबलेल्या भुशाची फळी. असा नवीन बेड टाकला की त्याच्यावरून त्याच मशीनचा रुंद बिट फिरवून तो एकसारखा तासून घेतात. त्याला घासणं म्हणायचं. वेळखाऊ काम आहे, भुसा फार उडतो. मला वाटलं, बाजी मारली. व्याही म्हणाले, "झालं मग. हाणा टाळी." टाळी दिली.

त्यानं बेड घासला. व्हॅक्युमचा पाइप मी धरला होता. हे मी विसरू शकत नाही. तो मशीन चालवत होता आणि मी पाइप धरून त्याच्या लबाडीचा भुसा ओढत होतो.

घासून झाल्यावर त्यानं पातळ ॲक्रेलिकचा तुकडा डबल टेपनं बेडवर चिकटवला आणि त्याच्यावर माझ्या मुलीचं आणि जावयाचं नाव कोरलं. अक्षर न् अक्षर सारखंच खोल. मी बोट फिरवून पाहिलं. मशीन अख्खी पिकअपमध्ये चढवली, गाद्या लावल्या, अहमदपूर, लोहा करत नांदेडला आणली.

बरेच दिवस ती उत्तम चालली. मी नेमप्लेट करत होतो, दुकानांची अक्षरं करत होतो, सगळं पातळ शीटमध्ये. व्याह्यांना फोन करून सांगितलं, तुमच्या भावाची मशीन म्हणजे सोनं आहे. भेटेल त्याला हेच सांगितलं. एकदा तर फोन स्पीकरवर होता आणि तिकडं सगळं घर ऐकत होतं.

मग व्याह्यांचं लातुरातलं नवीन घर पुरं व्हायला आलं. जुन्या घराच्याच आवारात बांधलेलं, दोघा भावांची घरं एका भिंतीला लागून, अंगण एक. वास्तुशांतीची तारीख धरली. आम्ही जेवायला गेलो होतो तेव्हा पानावर बसल्या बसल्या मी म्हणालो, "पुढचा दरवाजा माहेरचा. सागवानात, वेलबुट्टी कोरून देतो. तुमच्याच भावाच्या मशीनवर."

विहिणबाई म्हणाल्या, "लाकूड अस्सल घ्या बरं. नुसतं वरून चिकटवलेलं नको."

"अख्ख्या सागात," मी म्हणालो. मुलगी वाढत होती. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला अजून दोन दरवाजे कबूल करावेसे वाटले.

साग आणला. भावात लाकूडवाल्याला घाम फोडला. जाड, सरळ फळ्या होत्या. पहिली फळी क्लॅम्पनं बेडवर आवळली आणि वेल कोरायला लावली.

दोन्ही कडांना वेल नुसती ओरखडल्यासारखी आली. मधे बिट इतका खोल गेला की पानाची देठं उडाली. डाव्या टोकाला पान, मधे खड्डा, उजव्या टोकाला पुन्हा पान. मी मशीन बंद केली आणि फळीकडं बघत राहिलो.

पहिला संशय बिटवर. ज्या चिमटीत बिट धरतात तिला कॉलेट म्हणतात. ती ढिली असेल तर बिट हळूहळू खाली सरकतो. पण सरकला तर तो एकाच बाजूला खोल जायला पाहिजे, मधे खोल जाऊन परत वर कसा येईल? तरी नवीन कॉलेट घातली. तेच. मग मोटर खाली-वर करणारा स्क्रू. त्याचा जोड ढिला होता, आवळला. तेच. मोटर तिरकी बसली असेल म्हणून गुण्यानं पाहून सरळ केली. कात स्वच्छ आली, खोली तीच.

मग मला वाटलं फळीच वाकलीय. फळीच्या मधोमध खालून व्हिजिटिंग कार्ड सरकवून पाहिलं तर ते सरळ आत गेलं. फळी मधे बेडला टेकतच नव्हती. कार्ड खिशात टाकलं, फळी खांद्यावर टाकली आणि लाकूडवाल्याकडं गेलो.

"वाकडं लाकूड देता? मला?"

त्यानं फळी नजरेला लावून पाहिली, एक डोळा मिटून. "काठीसारखी सरळ हाय."

"मग मधी हवा कशी खेळतीय?"

"साहेब, तुमी घासाघीस करून लाकूड नेलं. आता लाकडानं थोडी घासाघीस केली तर राग का येऊन राहिला?"

तिथं उभ्या असलेल्या दोन सुतारांना हसायला मिळालं. मी त्याला काय काय बोललो ते लिहीत नाही. रंधा मारून फळी दोन्हीकडून साफ करून घेतली, आणली, पुन्हा आवळली. मधे खोल.

रागात मी फळी उलटी केली. वरची बाजू खाली. आणि बिट फिरायला लागला तसा माझा राग हळूहळू गार व्हायला लागला, पण ते बरं गार होणं नव्हतं. फळी वाकडी असती तर उलटी केल्यावर मधे उथळ यायला पाहिजे होतं. पुन्हा मधेच खोल आलं. म्हणजे फळी सरळ होती. लाकूडवाला खरं बोलत होता.

शेजारी बांधकाम चालू होतं. गवंड्याकडून गिलाव्याची ॲल्युमिनियमची पट्टी मागून आणली, ती कधी वाकत नाही. फळी काढली, पट्टी बेडवर आडवी ठेवली आणि मागून मोबाइलचा टॉर्च लावला. दोन्ही टोकांना पट्टी घट्ट बसली होती. मधून उजेड येत होता. सुऱ्यासारखा पातळ नाही, चांगला हातभर लांबून दिसेल असा.

फुकट घासून दिलेला, एकदम लेव्हल बेड मधे खोलगट होता.

मी म्हटलं, ठीक आहे, प्रवासात काहीतरी हललं असेल. पुन्हा बेड घासला. भुसा डोळ्यात, नाकात. घासून झाल्यावर पट्टी ठेवली. तोच उजेड, त्याच जागी. मग बिट बेडला टेकवून डावीकडून उजवीकडं हातानं सरकवला. सगळीकडं सारखा टेकत होता. बेड खोलगट, आणि बिटही बरोबर त्याच खोलगटीतून जातो. म्हणजे वरून जो बीम मोटरला नेतो तोच मधे पोटात खाली वाकलेला. तो ज्या कशावर फिरेल त्याला स्वतःच्या आकाराचं करतो. बेड त्यानं स्वतःच्या पोटासारखा तासून घेतला होता. पातळ शीट टेपनं चिकटवली की ती बेडच्या खोलगटीत बसते, बीमही तसाच खाली येतो, खोली सगळीकडं सारखी. जाड साग वाकत नाही, तो सरळ राहतो, आणि सरळपणाची शिक्षा त्याला मधोमध मिळते.

बीम वाकला कशानं? मी टॉर्च बीमवर धरला. गणपतीचं स्टिकर. हात जोडून नखानं कोपरा उचलला. खाली खोक पडलेली होती, आणि खोकेत लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरून वरून चंदेरी स्प्रे मारलेला होता. मी आयुष्यभर पाट्या रंगवल्या. लांबी भरलेली जागा मी अंधारात बोटानं ओळखतो. या एका जागी बोट लावलं नव्हतं, कारण तिथं देव होता.

तेव्हा मला कळलं की मी वर काय मागून घेतलं होतं. जुना, ठिगळं पडलेला बेड तसाच राहिला असता तर त्याच्यावर पातळ शीट नीट बसलीच नसती, मी तिथंच जाड लाकूड आवळून पाहिलं असतं आणि वाक दिसला असता. माझा हट्ट त्यानं वापरला. मी मागितलं म्हणून त्यानं दिलं, आणि दिलं ते झाकण.

मी चप्पल घातली आणि लातूरला निघालो. बायको दारात उभी राहिली.

"कुठं निघालात?"

"त्याच्या नरड्याला."

"नरडं त्याचं हाय, पण लेकरू आपलं हाय. तिथं हाय." ती बाजूला सरकली नाही. "त्याला पण कुणीतरी तशीच इकली आसंल. तुमी कशावरून म्हणता त्याला माहीत होतं?"

"स्टिकर आपोआप उगवलं का खोकेवर?"

"ते मला न्हाई माहीत. तुमी बोललात की तिला ऐकावं लागंल, एवढं माहीत हाय."

मुलीचा फोन आला, बायकोनंच लावायला सांगितला असणार. "पप्पा, काकांना काही बोललात का?"

"अजून न्हाई."

"बोलू नका. अंगण एक हाय आमचं. सकाळी उठलं की पहिलं तोंड त्यांचंच दिसतंय. तुम्ही बोलून जाता, इथं मग काकू आठ आठ दिवस भांडी आपटत्यात." मग म्हणाली, "दरवाजा होईल ना पण? मी सगळ्यांना सांगून बसलेय."

मी म्हटलं, होईल.

मी तापट माणूस आहे, आणि रागानं माझं कधी नुकसान केलं नाही. समोरचा माणूस राग बघून भाव उतरवतो. पण रागाला बाहेर पडायला दार लागतं, आणि इथं प्रत्येक दारात माझीच माणसं उभी होती. व्याह्यांना सांगावं तर ते मध्यस्थ. मशीन परत करावी तर दरवाजा कशावर करायचा. दुसरा बीम नांदेडात मिळेना, पुण्याहून मागवावा तर वास्तुशांतीनंतर येणार. बीमवर मोटर ज्या पट्टीवरून सरकते तिच्याखाली मी दाढीची ब्लेडं सरकवून वाक भरायला बघितलं. खोली जरा सुधारली, पण मोटरची गाडी मधेच अडकायला लागली, ब्लेडं काढावी लागली. हातानं नक्षी करणारा सुतार धरावा तर त्याला तेवढ्या दिवसांत जमणार नव्हतं, आणि मी सगळ्यांना तुमच्याच मशीनवर म्हणून सांगितलेलं. लोकांना मशीन सोनं आहे म्हणून सांगितलं होतं तेही मीच. जिकडं वळावं तिकडं माझाच आवाज परत येत होता.

चौकटीचं माप घ्यायच्या निमित्तानं लातूरला गेलोच. राग खिशात ठेवून गेलो. व्याह्यांच्या ओसरीवर तो बसला होता, चहाची बशी हातात.

"या पाव्हणे," तो म्हणाला. "मला लुटणारे आले बघा. मशीन नेली ते नेली, वरून बेड बी फुकट घासून नेला."

सगळे हसले. मीही दात दाखवले. मुलगी आतल्या दाराशी उभी होती, पदर दोन बोटांत धरून.

"मशीन मधी खोल जाऊन राहिली," मी म्हणालो. जितकं हळू बोलता येईल तितकं हळू.

"माझ्याकडं तर बरोबर चालून राहिली होती. हात बसायला टाइम लागतो पाव्हणे. तुमचा हात ब्रशाचा."

"पातळ शीटवर बरोबर येतं. जाड लाकडावर मधी खोल जातं."

बशी ओठाशी गेली होती ती तिथंच थांबली. फार नाही, एक घोट घ्यावा इतकाच वेळ. मग त्यानं चहा पिऊन घेतला आणि म्हणाला, "मग पातळच करा की. जाडाच्या नादी कशाला लागता? दरवाजा जमत नसंल तर सांगा, लातुरात रेडीमेड लई छान मिळतात."

"जमत न्हाई कोण म्हणलं?"

व्याह्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "इवाई, घरातलं हाय. ताणू नका. मी मधी होतो, माझ्याकडं बघून सोडून द्या."

माझ्या गावात बैलाच्या सौद्यात जो मधे बसतो त्याची एक जबाबदारी असते. बैल लंगडा निघाला तर मध्यस्थ स्वतः दावं हातात धरून तो परत नेतो. त्याच्याकडं बघून सोडायचं नसतं, त्यानं आपल्याकडं बघायचं असतं. हे शब्द माझ्या जिभेवर होते. मी दाराकडं पाहिलं. मुलीनं मान अगदी थोडी हलवली, नाही म्हणून. मी टेप काढला आणि चौकटीचं माप घेतलं.

नांदेडला येऊन मी तेच केलं जे ती मशीन करू देत होती. सागाच्या जाड फळीतून पातळ पट्ट्या चिरून आणल्या, पुठ्ठ्यापेक्षा जरा जाड, हातात लवणाऱ्या. त्या डबल टेपनं त्या खोलगट बेडवर चिकटवल्या आणि वेल कोरली. सुंदर आली. पानाच्या शिरासुद्धा सारख्या खोलीच्या. मग त्या पट्ट्या जाड फळ्यांवर गोंदानं बसवल्या, आवळून ठेवल्या, पॉलिश मारलं. वरून पाहिलं तर कुणाला कळणार नाही. लाकूड दोन्हीकडं सागच होतं. पण विहिणबाईंनी जे नको म्हटलं होतं, नेमकं तेच मी पॉलिश मारून त्यांच्या दारात उभं केलं. त्यानं मला त्याच्यासारखं काम करायला लावलं. मशिनीच्या वाकापेक्षा मला हे जास्त टोचतं.

वास्तुशांतीला दरवाजाचं फार कौतुक झालं. विहिणबाईंनी हळदीकुंकू लावलं. मुलगी प्रत्येक पाहुण्याला तिथं आणून उभं करत होती आणि वेलीवरून हात फिरवत होती. बऱ्याच दिवसांनी मी तिला एवढं मोकळं हसताना पाहिलं.

तो आला. वेलीकडं पाहिलं. मग बोटाच्या पेरानं पानावर टकटक केलं, मग कडेच्या साध्या फळीवर टकटक केलं. दोन्ही आवाज ऐकले. माझ्याजवळ सरकून, इतरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "पातळ घेतलंत ना? मी म्हणलंच होतं."

बायको म्हणत होती त्याला माहीत नसेल. ज्याला माहीत नाही तो टकटक करून कशाला ऐकेल?

तेवढ्यात त्यानं मोठ्यांदा हाक मारली. उदगीरकडचा कुणी सोयरा होता, साइनबोर्डचा धंदा करणारा, त्याला मशीन घ्यायची होती. ह्यानं मोठी घेतल्यावर आणखी एक छोटी कुठून तरी आणून ठेवलीय म्हणे. तो सोयरा माझ्यासमोर आणून उभा केला.

"यांनाच विचारा. माझी मशीन हे वापरून राहिले. हा दरवाजा तिच्यावरचाच."

सोयरा माझ्याकडं बघायला लागला. साधा माणूस, खिशात मोजपट्टी घालून आलेला, माझ्यासारखाच. "कशी हाय मशीन?" त्यानं विचारलं.

व्याही शेजारी उभे होते. मुलगी सरबताचा ट्रे घेऊन दोन हातांवर थांबली होती. तिनं ऐकलं होतं.

मी म्हणालो, "पाणी पिऊन येतो." आणि मागच्या अंगणात गेलो, ज्या अंगणाला दोन घरं आहेत. परत आलो तेव्हा तो सोयरा वेलीवर हात फिरवून मान डोलवत होता. मी न बोललेलं त्यानं होकार म्हणून ऐकलं. मला त्या दिवसापासून झोपेतही त्याचा तो हात दिसतो. मी फसलो तेव्हा मध्यस्थ व्याही होते. तो फसेल तेव्हा मध्यस्थ मी असणार.

म्हणून लिहितो आहे. मुलीला विचारलं. ती म्हणाली, लिहा, पण नाव घालू नका, आणि दरवाजाचं आईंना मी सांगते. तिनं सांगितलं. विहिणबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, तिच्याशी बोलल्या. तेवढं मला पुरे आहे.

आता त्याचं राहिलं. मला रक्कम परत नको, मशीन बदलून नको. मला त्याच्याकडून एका प्रश्नाचं उत्तर पाहिजे. बेड घासायला घेतला तेव्हा बीम वाकलेला आहे हे तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं? ठाऊक नसेल तर स्टिकरखाली लांबी कुणी भरली ते सांगा. ठाऊक असेल तर त्या उदगीरच्या माणसाला बोलावून, त्याला विकायची मशीन त्याच्यासमोर जाड फळीवर चालवून दाखवा.

आणि व्याह्यांनी मला पुन्हा ‘माझ्याकडं बघून सोडा’ असं म्हणू नये. त्यांनी टाळी द्यायला लावली, टाळीत त्यांचा हात होता. ज्या सतरंजीवर ते आमच्या मधे बसले होते, तीच अंथरावी, भावाला समोर बसवावं, आणि मी विचारतो ते त्याला विचारावं. त्याचं उत्तर मी ऐकेन. त्यांचंही उत्तर मला पाहिजे.